पालिला आणि कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवाई बेटांमधलं सर्वांत मोठं बेट, त्यावरचा मौना केआ हा ज्वालामुखी, आणि त्याच्या उतारावरचं कोरडं, विरळ जंगल. पालिला नावाचा पिवळ्या डोक्याचा पक्षी आज फक्त एवढ्याच जागेत आढळतो. त्याच्या नावाने अमेरिकेच्या संघीय न्यायालयात चाललेला खटला पर्यावरण कायद्याच्या अभ्यासकांना चांगला ठाऊक आहे. इतरांच्या कानावर त्यातलं एकच वाक्य आलेलं असतं: पक्ष्याने सरकारवर दावा ठोकला. मला त्याच्या आधीची आणि नंतरची हकिगत जास्त महत्त्वाची वाटते, म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

पालिला दिसतो कसा? तो इतका खास का?

चिमणीहून जरा थोराड, डोकं आणि छाती सोनेरी पिवळी, पाठ राखाडी, पोट पांढुरकं आणि चोच आखूड, जाड, मजबूत. हवाईत हनीक्रीपर नावाचं पक्ष्यांचं एक मोठं कूळ आहे. लाखो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आलेल्या एका फिंचसारख्या पूर्वजापासून त्यातले डझनावारी प्रकार तयार झाले: कुणाची चोच कोयत्यासारखी वाकडी, कुणाची सुईसारखी, कुणाची पोपटासारखी. दाणे फोडणाऱ्या जाड चोचीचे जे होते, त्यांतला हवाईच्या मुख्य बेटांवर आता पालिला तेवढा उरला आहे. त्याचे जवळचे भाऊबंद शेकडो मैल दूर, लेसान आणि निहोआ या चिमुकल्या बेटांवर आहेत.

पूर्वी तो एवढा कोपऱ्यात नव्हता. ओआहू बेटावरही त्याची जुनी हाडं सापडली आहेत. आज त्याच्या मूळ क्षेत्राचा पाच टक्क्यांहूनही कमी भाग त्याच्याकडे आहे, आणि तोही मुख्यतः मौना केआच्या नैर्ऋत्य उतारावर, साधारण २,००० ते ३,००० मीटर उंचीच्या पट्ट्यात.

प्रत्येक चर्चेत मामाने नावाचं झाड का येतं?

कारण मामाने म्हणजेच पालिलाचं घर आणि स्वयंपाकघर. शेंगवर्गातलं हे झाड पिवळ्या फुलांनी बहरतं आणि मग त्याला गाठीगाठीच्या शेंगा लागतात. पालिला हिरवी शेंग तोडतो, पायाखाली धरतो आणि चोचीने सोलून आतले कोवळे दाणे खातो. त्या दाण्यांत अल्कलॉइड असतात, दुसऱ्या छोट्या पक्ष्यांना ते बाधतात. पालिलाला ते पचतात. पिलांना तो याच शेंगांमधल्या अळ्याही भरवतो. घरटंही बहुधा मामानेवरच. शेंगा कमी आल्या त्या वर्षी बऱ्याच जोड्या वीण घालतच नाहीत.

उतारावर वरपासून खालपर्यंत वेगवेगळ्या वेळी मामाने फुलतं, त्यामुळे पक्ष्याला वर्षभर कुठे ना कुठे हिरवी शेंग मिळत राहते. यासाठी उताराचा सलग पट्टा लागतो. मधला तुकडा उजाड झाला की ही साखळी तुटते. पुढचा सगळा कायदा समजायला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

मग या जंगलाचं वाटोळं कशाने झालं?

मेंढ्या आणि बकऱ्यांनी. माणसाने आणण्यापूर्वी हवाईत खुरांचा एकही प्राणी नव्हता. म्हणून तिथल्या झाडांनी काटे, कडवटपणा असलं काही संरक्षण फारसं कमावलं नाही. १७९३ साली कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हरने मेंढ्या आणल्या. त्या रानटी झाल्या आणि १९३० च्या दशकात एकट्या मौना केआवर त्यांची संख्या ४०,००० च्या घरात गेली. मेंढी मोठं झाड पाडत नाही. ती कोवळं रोप जमिनीलगत खाते, खालच्या फांद्यांची पालवी ओरबाडते, साल सोलते. म्हातारी झाडं उभी दिसतात आणि जंगल आहे असं वाटत राहतं, पण त्यांची जागा घ्यायला खाली एकही पोर नसतं.

त्या दशकात वनखात्याने कुंपण घालून हजारो मेंढ्या काढल्याही होत्या. नंतर धोरण फिरलं. शिकारीसाठी जनावरं राखायची ठरली, आणि १९६२ ते १९६६ या काळात राज्याने मूफ्लॉन जातीच्या रानमेंढ्या मुद्दाम आणून तिथे सोडल्या. पालिलाच्या जंगलात.

पालिलाला कायद्याचं संरक्षण केव्हापासून आहे?

१९६७ पासून. १९६६ च्या पहिल्या संघीय कायद्याखाली जी पहिली यादी निघाली, तीतच त्याचं नाव होतं. पण त्या कायद्याला दात नव्हते. खरं बळ आलं ते १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याने. १९७७ साली पालिलासाठी मौना केआवर सुमारे ६०,००० एकरांचा ‘अत्यावश्यक अधिवास’ नकाशावर आखून जाहीर झाला. हवाई राज्याचा स्वतःचाही संकटग्रस्त प्रजातींचा कायदा आहे.

आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. त्याचा कायद्याशी काय संबंध?

थेट काहीच नाही. लाल यादी ही शास्त्रज्ञांची नोंद आहे. ती धोरणकर्त्यांना दिशा दाखवते, पण तिच्या आधारे कोणावर खटला भरता येत नाही.

१९७३ चा कायदा नेमकं काय करतो?

पालिलाच्या दृष्टीने दोन कलमं महत्त्वाची. कलम ७ संघीय सरकारच्या खात्यांना बांधतं: त्यांनी स्वतः केलेल्या, मंजूर केलेल्या किंवा पैसे दिलेल्या कुठल्याही कामामुळे प्रजातीचं अस्तित्व धोक्यात येता कामा नये आणि आखलेला अधिवास बिघडता कामा नये. कलम ९ सर्वांना लागू आहे: माणूस, कंपनी, राज्य सरकार, कोणीही. त्यात संकटग्रस्त प्राण्याला ‘टेक’ करायला बंदी आहे. या एका शब्दाच्या व्याख्येत छळणं, इजा करणं, पाठलाग, शिकार, गोळी घालणं, जखमी करणं, मारणं, सापळा लावणं, पकडणं, गोळा करणं एवढं सगळं बसतं.

अनेकांची समजूत असते की अधिवास जाहीर झाला म्हणजे ती जमीन अभयारण्य झाली. तसं होत नाही. ते बंधन संघीय कामापुरतं आहे. मौना केआवरच्या मेंढ्या पाळत होतं राज्य, म्हणून लढाई कलम ९ मधल्या ‘इजा’ या शब्दावर येऊन ठेपली.

खटला कोणी भरला? पक्षी खरंच वादी होता का?

१९७८ मध्ये सिएरा क्लब, नॅशनल ऑडुबॉन सोसायटी, हवाई ऑडुबॉन सोसायटी या निसर्गरक्षण संस्था आणि एक प्राणिशास्त्रज्ञ यांनी दावा दाखल केला. वाद्यांच्या यादीत पहिलं नाव लिहिलं ‘पालिला’. प्रतिवादी होता हवाईचा भूमी आणि नैसर्गिक साधनसंपत्ती विभाग. म्हणून खटल्याचं नावच ‘पालिला विरुद्ध हवाई विभाग’ असं पडलं.

कागदावर पक्षी वादी होता, हे खरंच. १९८८ च्या अपिलाच्या निकालात न्यायाधीश ओस्कॅनलेन यांनी सुरुवातीलाच लिहिलं की या पक्ष्याला कायद्याने दर्जा आहे आणि तो स्वतःच्या हक्काने वादी म्हणून पंख पसरत संघीय न्यायालयात आला आहे. वाक्य सुंदर आहे, म्हणून ते जगभर फिरलं. पण पक्ष्याच्या नावाला राज्याने हरकतच घेतली नव्हती, त्यामुळे त्या मुद्द्यावर निर्णय द्यायची वेळ आली नाही.

पुढे वेळ आली तेव्हा उत्तर उलटं मिळालं. १९९१ साली हवाईच्याच अलाला या संकटग्रस्त कावळ्याच्या नावाने दावा झाला आणि न्यायालयाने कावळ्याचं नाव वाद्यांतून काढून टाकलं. माणसांची आणि संस्थांची नावं होती, म्हणून दावा चालू राहिला. मग २००४ मध्ये देवमासे आणि डॉल्फिन यांच्या नावाने आलेल्या दाव्यात, पालिलाचं अपील ज्याने ऐकलं त्याच नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने स्पष्ट केलं की पालिलाबद्दलचं ते वाक्य निकालाचा बंधनकारक भाग नव्हतं, आणि या कायद्याखाली दावा लावू शकणाऱ्या ‘व्यक्ती’च्या व्याख्येत प्राणी येत नाहीत.

माझ्या मते याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पालिलाने जे जिंकलं ते वादी म्हणून जिंकलं नाही. इजा म्हणजे काय, या प्रश्नावर जिंकलं.

मेंढीने एकही पालिला मारला नाही. मग इजा कशी?

हाच खटल्याचा गाभा. १९७५ साली गृह खात्याने (अमेरिकेत वन्यजीव त्याच खात्याकडे असतात) ‘इजा’ शब्दाची व्याख्या नियमांत घातली होती, आणि परिसरात मोठा बिघाड करून प्राण्याला इजा पोचवणं हेही तीत धरलं होतं. न्यायाधीश सॅम्युएल किंग यांनी १९७९ मध्ये मांडणी केली ती साधी होती: मेंढ्या आणि बकऱ्या मामानेची रोपं खातात, रोपं नसतील तर जंगल संपेल, जंगल संपलं की पालिला संपेल, आणि त्या मेंढ्या-बकऱ्या राज्य स्वतः शिकारीसाठी राखून आहे, म्हणून राज्य पालिलाला इजा करत आहे. दोन वर्षांच्या आत मौना केआवरच्या रानटी मेंढ्या आणि बकऱ्या काढून टाकण्याचा हुकूम झाला. १९८१ मध्ये अपिलात तो कायम राहिला.

बंदूक, सापळा, विष यांपैकी काहीही नसताना, फक्त उद्याचं झाड आज खाल्लं जातंय म्हणून कायदा आड आला. माझ्या वाचनात वन्यजीव कायद्याने निसर्गाची रीत इतक्या सरळपणे ओळखल्याची उदाहरणं फार कमी आहेत.

राज्याने बचाव काय केला?

अनेक अंगांनी. एक, हा पक्षी एकाच राज्यात राहतो, राज्याची हद्द ओलांडत नाही, मग संघराज्याचा संबंध काय? न्यायालयाने उत्तर दिलं की वन्यजीव रक्षणाचे आंतरराष्ट्रीय करार आणि राज्याराज्यांतल्या व्यापाराचं नियमन, या दोन्ही अधिकारांखाली संघीय कायदा इथपर्यंत पोचतो. दोन, राज्यघटनेच्या अकराव्या दुरुस्तीने राज्याला दाव्यांपासून असलेलं संरक्षण. तेही चाललं नाही, कारण मागणी भरपाईची नव्हती, पुढचं वर्तन थांबवण्याची होती. तीन, शिकार आणि पक्षी दोन्ही एकत्र नांदू शकतात. या तिसऱ्या मुद्द्यावर पुराव्याने मात केली. कुंपण घालून मेंढ्यांपासून वाचवलेल्या तुकड्यांत मामाने पुन्हा उगवत होतं. बाहेर उगवत नव्हतं.

दुसरा खटला कशासाठी झाला?

पहिला हुकूम रानटी मेंढ्या आणि बकऱ्यांपुरता होता. मूफ्लॉन राहिले होते, आणि त्यांचा अभ्यास चालू आहे असं राज्याचं म्हणणं होतं. दरम्यान १९८१ साली गृह खात्याने ‘इजा’ची व्याख्या बदलली. पहिला निकाल पाहून ती फार सैल आहे अशी ओरड झाली होती. नव्या व्याख्येत असं आलं की अधिवासाचा मोठा बिघाड ही इजा ठरते, पण त्यामुळे खाणं, वीण किंवा आसरा या मूलभूत गोष्टींत खीळ बसून प्राणी प्रत्यक्ष मेला किंवा जायबंदी झाला पाहिजे.

राज्य आणि शिकाऱ्यांच्या संघटना म्हणाल्या, दाखवा कुठला पालिला प्रत्यक्ष मेला. न्यायाधीश किंग यांनी १९८६ मध्ये आणि अपील न्यायालयाने १९८८ मध्ये हे मान्य केलं नाही. पक्ष्याच्या प्रेतांची मोजदाद लागत नाही. अधिवासाचा असा नाश, ज्याने प्रजातीच नामशेष होऊ शकते, तो इजाच आहे, असं अपील न्यायालय म्हणालं. अधिवास बिघडल्याने प्रजातीची पुनर्वाढ नुसती लांबली तर ती इजा का, हा प्रश्न मात्र त्याने मुद्दाम बाजूला ठेवला. मूफ्लॉनही काढायचा हुकूम झाला.

सर्वोच्च न्यायालयाने पालिलाबद्दल काही म्हटलं आहे का?

पालिलाचा खटला तिथे गेला नाही, पण त्याची सावली गेली. वायव्य अमेरिकेतल्या लाकूडतोड उद्योगाशी संबंधित लोकांनी ‘इजा’च्या व्याख्येलाच आव्हान दिलं. १९९५ च्या स्वीट होम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी व्याख्या वैध ठरवली. त्याच वेळी न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी बहुमतात राहूनही वेगळं टिपण लिहिलं आणि त्यात पालिलाचा दुसरा निकाल चुकीचा होता असं मत नोंदवलं. त्यांचा तर्क असा: मेंढ्यांनी जी रोपं खाल्ली त्यांच्या जागी आज पक्षी राहतच नव्हते, मग कोणत्या ओळखता येणाऱ्या पक्ष्याला इजा झाली?

मला हा तर्क पटत नाही. वर्षाचे महिने बदलतात तशी पालिलाची शेंग उतारावर वर-खाली सरकते. आज रिकामा दिसणारा पट्टा उद्याचं ताट असतो. पण ओकॉनर यांचा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने खरा आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

‘इजा’ची ही व्याख्या आजही सुरक्षित आहे का?

तिच्यावर टांगती तलवार आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खात्यांनी केलेल्या अर्थाला न्यायालयांनी झुकतं माप देण्याची जुनी पद्धत मोडीत काढली. स्वीट होमचा निकाल त्याच पद्धतीवर उभा होता. पाठोपाठ एप्रिल २०२५ मध्ये संघीय सरकारने ‘इजा’ची व्याख्या नियमांतून पूर्ण काढून टाकण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध केला. व्याख्या गेली की ‘टेक’ शब्दात थेट मारणं-पकडणं एवढंच उरतं, असं त्यामागचं म्हणणं. तसं झालं तर झाड खाणाऱ्या मेंढीला नवा दावा लावून रोखणं फार कठीण होईल. बेटावरच्या जंगलपक्ष्यांना गोळी घालायला सहसा कोणी जात नाही. त्यांचं जंगल जातं, म्हणून ते जातात. हा प्रस्ताव मला मनापासून चुकीचा वाटतो.

इतके हुकूम झाले. मग मेंढ्या गेल्या का?

इथे मन विषण्ण होतं. १९७९ चा हुकूम दोन वर्षांचा होता. त्यानंतर चार दशकं उलटली तरी मौना केआवर मेंढ्या होत्या. हजारो काढल्या गेल्या हे खरं. पण जुनं कुंपण मोडकं, शेजारच्या जमिनींतून कळप आत येत राहिले, आणि रानटी मेंढ्या व मूफ्लॉन यांचा संकर पसरला. पक्ष्याच्या बाजूचे लोक पुन्हा पुन्हा न्यायालयात गेले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस राज्य आणि शिकारी म्हणाले की मेंढ्या गवत खातात म्हणून वणवा आटोक्यात राहतो, तेव्हा हुकूम शिथिल करा. न्यायालयाने नकार दिला. २०१२ मध्ये बेटाच्या स्थानिक परिषदेने हेलिकॉप्टरमधून जनावरं मारायला बंदी केली, आणि पुढच्याच वर्षी संघीय न्यायालयाने स्पष्ट केलं की स्थानिक ठराव संघीय हुकमाला अडवू शकत नाही. त्याच सुमारास राज्याला डोंगराभोवती नवं, उंच कुंपण पूर्ण करण्याची मुदत ठरवून देण्यात आली. हे कुंपण ५० मैलांहून लांब आहे.

हुकूम कागदावर उतरायला एक दिवस पुरतो. तो अमलात यायला तारा, खांब, खडकाळ उतारावर ते वाहून नेणारी माणसं आणि वर्षानुवर्षांचा पैसा लागतो. आणि मामानेला पुन्हा पूर्ण वाढायला दशकं लागतात. न्यायालयात तारखा पडत होत्या तेव्हा डोंगरावर म्हातारी झाडं वाळत होती.

शिकार करणाऱ्या स्थानिक लोकांवर हा अन्याय नाही का?

त्यांची बाजू दुर्लक्षून चालणार नाही. या बेटावर शिकार ही अनेक घरांत मांस मिळवण्याची जुनी रीत आहे. बाप मुलाला डोंगरावर नेतो, कुटुंब मटण वाटून खातं. हेलिकॉप्टरमधून जनावरं मारून तिथेच सोडून देणं त्यांना अन्नाचा अपमान वाटतो, आणि ते समजण्यासारखं आहे. म्हणूनच न्यायालयाच्या हुकमाखाली काढणी होताना सर्वसाधारण शिकाऱ्यांना वर्षभर मोकळीक आणि मारलेली जनावरं घरी नेण्याची सोय अशा तडजोडी केल्या गेल्या.

तरीही दोन्ही बाजूंचं वजन सारखं मानता येत नाही. मेंढ्यांना बेटावर आणि जगात दुसऱ्या कितीतरी जागा आहेत. पालिलाला दुसरी जागा नाही.

कलम ७ चा पालिलाला कधी उपयोग झाला का?

झाला. मौना केआ आणि मौना लोआ या दोन डोंगरांमधून जाणारा सॅडल रोड नव्याने बांधताना त्याची आखणी पालिलाच्या अधिवासातून जात होती आणि पैसा संघीय होता. त्यामुळे सल्लामसलत बंधनकारक झाली आणि भरपाई म्हणून डोंगराच्या दुसऱ्या बाजूला चराईखालची जमीन गुरांपासून मोकळी करून पालिलासाठी ठेवावी लागली. उत्तर उतारावरच्या पू-उ माली इथे पक्षी नेऊन वसवायचा प्रयत्न झाला. नेलेल्यांतले बरेचसे पक्षी उडत आपल्या जुन्या उतारावर परत आले. कायद्याने जमीन मिळाली, पण तिथलं जंगल अजून लहान होतं.

मेंढ्यांशिवाय आणखी कशाचा धोका आहे?

रानमांजरांचा मोठा आहे. मांजरं घरट्यापर्यंत चढतात आणि पिलांसकट मादीही मारतात. दुष्काळात शेंगा धरत नाहीत. बाहेरून आलेलं गवत माजलं की वणव्याची भीती. डासांतून पसरणाऱ्या हिवतापाने हवाईचे बाकीचे जंगलपक्षी संपत आले. पालिला मात्र उंच, थंड, कोरड्या जागी राहतो म्हणून त्यापासून आतापर्यंत बराच वाचला.

कलम ९ इथे तोकडं पडतं. दुष्काळावर दावा लावता येत नाही.

आता किती पालिला उरले आहेत?

दरवर्षी ठरलेल्या वाटांवर ठरलेल्या ठिकाणी थांबून मोजणी होते आणि त्यावरून अंदाज बांधतात. या शतकाच्या सुरुवातीला अंदाज काही हजारांचा होता. अलीकडचे अंदाज हजाराच्या खाली आले आहेत.

कायदा मोडला तर शिक्षा काय?

जाणूनबुजून संकटग्रस्त प्राण्याला ‘टेक’ केलं तर कायद्याच्या मजकुरात ५०,००० डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद आहे. फौजदारी खटला न भरता होणारा दिवाणी दंड २५,००० डॉलरपर्यंत, आणि हा दिवाणी आकडा महागाईप्रमाणे वाढवला जातो. पालिलाच्या बाबतीत मात्र खरं काम दंडाने केलं नाही, मनाई हुकमांनी केलं.

सामान्य नागरिक सरकारविरुद्ध असा दावा लावू शकतो का?

हो, आणि या कायद्याचं हे मोठं बळ आहे. कलम ११ नुसार कोणतीही व्यक्ती उल्लंघन थांबवण्यासाठी न्यायालयात जाऊ शकते. आधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, म्हणजे चूक सुधारायची संधी मिळते. शिवाय या उल्लंघनामुळे आपलं स्वतःचं काही नुकसान होतं आहे हे दाखवावं लागतं. पक्षी पाहणं, त्याचा अभ्यास करणं यातला आनंद हिरावला जाणं हेही नुकसान धरलं जातं. जिंकल्यास वकिलाचा खर्च समोरच्याकडून मिळू शकतो. ही तरतूद नसती तर पालिलाचा खटला उभाच राहिला नसता, कारण राज्याविरुद्ध जाण्याची इच्छा त्या वेळी कोणत्याही सरकारी खात्याला नव्हती.

पालिला पाहायला गेलं तर कायद्याच्या दृष्टीने काय सांभाळावं?

मौना केआच्या पश्चिमेकडे का-ओहे भागात लोकांसाठी एक छोटी पायवाट आहे. तिथपर्यंतचा रस्ता खडबडीत आहे, चारही चाकांना गती देणारी गाडी लागते. आवाजाची ध्वनिफीत वाजवून पक्ष्याला जवळ बोलावू नका. त्याचं खाणं किंवा वीण मोडेल इतका त्रास देणं कायद्याने ‘छळ’ ठरू शकतं. घरट्यापासून लांब राहा, बुटांचे तळवे जाण्याआधी घासून घ्या, म्हणजे परक्या गवताचं बी आत जाणार नाही. कुंपणाचं फाटक उघडलंत तर परत लावून घ्या, कडी बसली का हेही पाहा.

प्रजाती नामशेष झाली तर कायदा काय करतो?

तिचं नाव यादीतून काढतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये संघीय सरकारने २१ प्रजाती नामशेष म्हणून यादीतून वगळल्या, त्यांत हवाईचे आठ जंगलपक्षी होते. त्यांतले अनेक पालिलासोबतच १९६७ च्या सुमारास यादीत आले होते. त्यांच्यासाठी कोणी खटला लढला नाही. पालिलासाठी लढला गेला, आणि मौना केआच्या कुंपणाच्या आत, मेंढ्या कमी झाल्या तिथे, मामानेची रोपं गुडघ्याच्या वर येऊ लागली आहेत.